भैरवी उद्या

१७ मार्च २०२४ हा रविवार होता. त्या रात्री 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमाचा अखेरचा भाग दाखविण्यात आला आणि मी तो पाहिला नाही. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे मोठ्या मुलांचा वर्ग असतो. त्या दिवशी यमनची उजळणी लांबली, मग एका पालकांशी बोलणे झाले, मग जेवण, आणि मग दिवसभर तंबोरा घेऊन बसल्यावर पाठीची जी अवस्था होते ती झाली. कार्यक्रम संपला हे मला चार दिवसांनी भाजीच्या गाडीवर कळले. आमच्या रामबागेतल्या एका वहिनींनी पालकाची जुडी हातात धरून विचारले, "काय हो सर, संपली ना तुमची ती थुकरटवाडी?" मी म्हणालो, "संपली? केव्हा?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की शेजारच्या घरातले कोणी गेले आहे आणि मला पत्ता नाही.

ज्या मनुष्याने वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या कानी कपाळी ओरडून सांगितले, की बैठकीतून मध्येच उठू नये, भैरवी ऐकल्यावाचून घरी जाऊ नये, त्यानेच हे करावे याची मला लाज वाटली. मग त्या लाजेचे मलाच हसू आले. आणि मग लक्षात आले, की गाणे नव्हे, नाटक नव्हे, केवळ टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाविषयी आपल्याला खरोखर चुटपुट लागून राहिली आहे.

आता काही वाचक म्हणतील, की हे पान संगीताचे, नाटकाचे, ग्रंथांचे. तेथे पुरुषांनी लुगडी नेसून केलेल्या थट्टेला जागा कशाला? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. पण आपल्या इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत गेल्या दहा वर्षांत रात्री जेवणाच्या वेळी मराठी कोणते ऐकू येत होते, याचा ज्याने त्याने आठव करावा. सुनेशी आपण अर्धे हिंदी बोलतो, नातवंडांशी पाऊण हिंदी, आणि नातवंडे आपसांत बोलतात ते हिंदीही नव्हे, इंग्रजीही नव्हे. 'सानंद'च्या नाटकांना आपण सारे जातो, प्रयोग भरलेले असतात हे खरे. पण मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे राहून मागे वळून पाहावे, म्हणजे दिसतात ती सारी पिकलेली डोकी. सोळा वर्षांचे पोर तेथे क्वचित. तेच पोर घरी थुकरटवाडीपुढे मात्र ताट घेऊन बसत असे. ही गोष्ट आपल्याला आवडो न आवडो, ती घडत होती.

कार्यक्रम सुरू झाला ऑगस्ट २०१४ मध्ये. तेव्हा माझी कन्या पाच वर्षांची होती. संपला तेव्हा ती दहावीत होती. साडेनऊ वर्षे म्हणजे एका मुलाचे सबंध बालपण. सुरुवातीला सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊ ही वेळ, पुढे वार बदलत गेले. सूत्रधार डॉ. निलेश साबळे, आणि भोवती भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही मंडळी. थुकरटवाडी नावाच्या एका काल्पनिक गावात मुंबईचे नट आपल्या नव्या चित्रपटाची किंवा नाटकाची जाहिरात करावयास येत आणि ही मंडळी त्यांची यथेच्छ टर उडवीत. म्हणजे मुळात हा सारा जाहिरातीचाच मामला होता. पण जाहिरातीच्या पोटातून चांगली गोष्ट निघत नाही असे कोणी म्हणू नये. कित्येक उत्तम ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ग्रामोफोन खपावेत म्हणूनच काढल्या होत्या.

आमच्या घरात हा कार्यक्रम आला तो बाबांच्या विरोधाला न जुमानता. बाबा पखवाज वाजवीत. नाना पानसे यांच्या परंपरेतला हात. १९४५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते होळकर दरबारच्या सेवेत लागले. तेथल्या वादकांत सर्वांत लहान. मी त्यांना पन्नाशीत झालेले शेंडेफळ. त्यामुळे माझ्या बरोबरीच्या मुलांचे आजोबा ज्या गोष्टी सांगत त्या मला वडिलांकडून ऐकायला मिळाल्या. टीव्ही हा पदार्थ त्यांना आवडत नसे, कारण त्यात "लय कापतात" असे त्यांचे म्हणणे. एक वाक्य पुरे होत नाही तोच दुसरा चेहरा, आणि त्यावर ढणढण वाजणारे संगीत. अपवाद एकच होता, तो 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ साली ती मालिका सुरू झाली आणि दिलीप प्रभावळकरांचा आबा पाहून बाबा म्हणाले, "हा मनुष्य घाई करत नाही." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मी थोरामोठ्या गवयांसाठीही फारशी ऐकलेली नाही. प्रभावळकरांनीच लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून ती मालिका बेतलेली होती. घर साधे, माणसे साधी. काही वर्षे चालली आणि गोडी आहे तोवर थांबली.

तर २०१४ साली ८६ वर्षांचे बाबा पहिले काही सोमवार पाठ फिरवून बसत. मग एके रात्री भाऊ कदमांचे काही चालले होते. काय चालले होते ते आठवत नाही, बहुधा ते नुसते उभे होते. बाबा खुर्चीतून वळले. थोडा वेळ पाहिले आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागले. म्हणाले, "हा अतीताचा मास्तर आहे."

ज्यांना तालाचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो. समेवर येणे ही शिकण्याची गोष्ट आहे, मेहनत केली की जमते. पण सम येऊन जाऊ द्यावी, ऐकणाऱ्याने मान हलविण्यासाठी उचलावी, आणि ती मान अधांतरी असताना मागाहून, जणू उशीर झाला म्हणून ओशाळून, हळूच येऊन उतरावे, याला अतीत म्हणतात. ते शिकवून येत नाही. भाऊ कदमांचा विनोद तसा होता. समोरचा मोठ्याने बोले, प्रेक्षक हसण्यासाठी तोंड उघडीत, आणि हा गृहस्थ काहीच बोलत नसे. मग जे बोले ते इतके हळू आणि इतके पडेल, की हसू दुप्पट होई. त्यानंतर बाबांनी कार्यक्रम चुकविला नाही. २०१८ साली ते गेले, तोपर्यंत सोमवारची ती खुर्ची त्यांचीच होती.

सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचीत तो भाग लागला, की आमच्याकडे वाढणे थांबे. ही पत्रे अरविंद जगताप लिहीत. हसवून हसवून दमविल्यावर मध्येच हा खाकी कपड्यांतला माणूस येई आणि दुष्काळातल्या शेतकऱ्याचे, सीमेवरच्या जवानाचे, नाही तर म्हाताऱ्या आईबापाचे पत्र वाची. थट्टेच्या कार्यक्रमात डोळे पुसायला लावणे हा काहींना हिशेबी प्रकार वाटे. माझे एक स्नेही, उत्तम व्हायोलिन वाजवितात, ते म्हणत की ही द्रुतानंतर मुद्दाम लावलेली करुण ठुमरी आहे. असेल. पण माझी कन्या मराठी पत्र म्हणजे काय हे तेथेच शिकली. तिला आमच्याकडून कधी पत्र गेले नाही. कोणाकडून जाते आता?

आणि भारत गणेशपुरे. ते वऱ्हाडी बोलत. त्यांच्या तोंडी 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' असे काही आले, की आमच्या घरात एकच हशा होई. पण त्या हशात एक गंमत होती. हे तर आपणही बोलतो! पुण्याच्या पाहुण्यांनी आपल्या ज्या मराठीला तीन पिढ्या नाके मुरडली, तिच्या जातीची मराठी टीव्हीवर येऊन टाळ्या घेत होती. माझ्या आईला एका लग्नात "तुमचं मराठी जरा हिंदी वळणाचं, नाही?" असे कोणी म्हटले होते, आणि तेव्हापासून ती पुणेकरांपुढे तोलून मापून, जवळजवळ व्याकरण सांभाळीत बोले. गणेशपुरे ऐकताना ती मोकळी होत असे. विनोदाने हे काम केले. आपल्या साहित्य-संमेलनांना ते इतक्या सहजपणे जमले असते असे मला वाटत नाही.

एवढे गुणगान केल्यावर दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही केवळ भक्ताची पोथी होईल. शेवटची तीन-चार वर्षे कार्यक्रम थकला होता. त्याच त्या लुगड्यांतल्या बायका, त्याच त्या काळ्या रंगावरच्या आणि जाडेपणावरच्या कोट्या. पाहुणे नट विनोद होण्याआधीच हसू लागत. हे लक्षण वाईट. मैफलीत गायकाने जागा घेण्याआधीच पुढची रांग 'वाहवा' करू लागली, की समजावे, आता दाद सवयीची झाली आहे. माझ्या कन्येने एकदा कुशल बद्रिके पुढे काय बोलणार ते आधीच बोलून दाखविले आणि ते शब्दशः खरे निघाले. ती खूष झाली, मी चपापलो. बंदिश पाठ असणे निराळे आणि तान पाठ असणे निराळे.

म्हणून कार्यक्रम संपला याबद्दल माझी तक्रार नाही. संपायलाच हवा होता, कदाचित दोन वर्षे आधी. तक्रार आहे ती संपण्याच्या रीतीबद्दल. शेवट होण्याच्या सुमारास साबळे स्वतः कार्यक्रमातून बाहेर पडले होते. सागर कारंडे त्याआधीच गेलेले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, साबळे भाऊ कदमांना घेऊन दुसऱ्या वाहिनीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' या नावाने उभे राहिले. तो कार्यक्रम फार दिवस चालला नाही. म्हणजे १७ मार्चच्या रात्री भैरवी झाली की नाही हे मला सांगता येत नसले, तरी अर्धे गायक तंबोऱ्याला गवसणी घालून आधीच निघून गेले होते एवढे निश्चित.

अमेरिकेत या गोष्टीचा मोठा सोहळा करतात. माझा थोरला भाऊ १९८२ साली तिकडे शिकावयास गेला. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्याने बाबांना लिहिलेल्या पत्रात एक मजकूर होता, तो आमच्या घरात पुष्कळ दिवस चर्चेला होता. त्याच्या वसतिगृहात एके रात्री सारे लोक एका टीव्हीभोवती जमले, इतके की तो दारात उभा राहिला. कोरियातल्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची ती विनोदी मालिका होती, 'मॅश' नावाची. लढाई तीन वर्षे चालली होती आणि मालिका अकरा! त्या रात्री, २८ फेब्रुवारी १९८३ रोजी, तिचा शेवटचा भाग होता. दहा कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला असे पुढे प्रसिद्ध झाले. त्या देशाची वस्तीच तेव्हा तेवीस कोटींच्या आसपास. भावाला त्यातले फारसे काही कळले नाही, पण दाढीमिशा वाढविलेले दोन दांडगे विद्यार्थी डोळे पुसताना त्याने पाहिले, आणि ते पत्रात लिहिले. बाबांनी उलट टपाली विचारले होते, "शेवटी काही वाजविले काय?"

त्यानंतर त्यांच्याकडे 'साइनफेल्ड' १९९८ मध्ये, 'फ्रेंड्स' २००४ मध्ये, 'बिग बँग थिअरी' २०१९ मध्ये, असे एकेक कार्यक्रम आधी तारीख जाहीर करून संपले. तारीख जाहीर करण्यात जाहिरातीचे पैसे असतात हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळे पाहणाऱ्याला आवरून बसता येते. इंग्लंडात तर 'फॉल्टी टॉवर्स' म्हणून एक होते, त्याचे सबंध मिळून बाराच भाग निघाले, १९७५ साली सहा आणि १९७९ साली सहा. बारा भागांत मालिका आटोपणारा मनुष्य आपल्याकडे जन्मास यावा अशी माझी फार इच्छा आहे.

आपल्याकडचे दुसरे टोक पाहा. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. चार हजारांवर भाग झाले तरी तिचा शेवट नाही. ज्यांच्या गुजराती सदरावरून ती निघाली ते तारक मेहता २०१७ साली गेले. त्याच वर्षापासून दयाबेन दिसेनाशी झाली आणि तिचा नवरा तिची वाट पाहात बसला. नट्टू काकांचे काम करणारे घनश्याम नायक २०२१ साली वारले. नट जातात, मालिका चालते. (त्यातल्या भिडे मास्तरांमुळे आमच्या गल्लीतली पोरे मलाही मागून भिडे मास्तर म्हणतात. मी ऐकले नाही असे दाखवितो.) न संपणाऱ्या गोष्टीचे प्रेम उरत नाही, तिची सवय होते. रात्रभर चालणाऱ्या मैफलीलासुद्धा पहाट असते म्हणूनच लोक जागतात.

याच्या उलट चिं. वि. जोशी यांचा चिमणराव. तो आपल्यासारख्याच संस्थानी गावातला, बडोद्याच्या नोकरीत असलेल्या लेखकाच्या लेखणीतून उतरलेला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने तो प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घेऊन दाखविला, तेव्हा मुंबईचे ते प्रक्षेपण इंदुरात दिसत नसे. दादरची आत्या मे महिन्यात येई आणि गच्चीवर गाद्या घातल्यावर स्वतः गुंड्याभाऊ होऊन प्रत्येक भाग करून दाखवी. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण हे इतक्यांदा ऐकले आहे की आत्याचा गुंड्याभाऊ मला दिसतो. बाळ कर्वे गेल्याची बातमी २०२५ साली आली तेव्हा मला प्रथम आत्याच आठवली. थोडक्यात संपलेल्या गोष्टीचे असे होते. ती लोकांच्या अंगात राहते.

बाबांच्या त्या प्रश्नाकडे परत येतो. शेवटी काही वाजविले काय, असे त्यांनी का विचारले, हे मला पुष्कळ मोठेपणी समजले.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारताची स्थापना झाली आणि होळकरांचे संस्थान त्यात गेले. दरबारची गाणारी-वाजविणारी माणसे घरी बसली. कोणी शिकवण्या धरल्या, कोणी आकाशवाणीची वाट धरली, कोणी गाव सोडले. बाबांनी एका शाळेत तबला शिकविला. दुष्टावा कोणी केला नाही, आणि काळ बदलला होता हे बाबाही मानीत. नव्या राज्यात मुलांना शिकता येईल, याचा त्यांना आनंदच होता. पण त्यांना एकच गोष्ट आयुष्यभर सलली. शेवटचा दिवस कोणता हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे शेवटची बैठक कोणती, याचा ते म्हातारपणीही हिशेब करीत. त्यांच्या आठवणीप्रमाणे ती एक लहानशी संध्याकाळची बैठक होती. धृपद चालले होते, ऐकणारे दहा-बारा. एका पाहुण्यांना गाडी गाठायची होती म्हणून गाणे लवकर आटोपले. गवईबुवा तंबोरा खाली ठेवताना म्हणाले, "भैरवी उद्या." बाबांनी पखवाजाची कणीक खरडून काढली, हात धुतले आणि घरी आले.

तो उद्या आला नाही. त्यानंतर सत्तर वर्षे बाबा जगले, हजारो भैरव्या ऐकल्या, कित्येकांना साथही केली असेल. पण कोणी मैफलीतून मध्येच उठू लागला, की ते त्याचा हात धरून बसवीत. अनोळखी माणसाचासुद्धा. त्यावरून दोनदा भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

तेव्हा वाहिन्या चालविणाऱ्या मंडळींना माझे सांगणे एवढेच आहे. कार्यक्रम बंद करणे हा तुमचा अधिकार आहे. खर्च तुमचा, हिशेब तुमचा. पण जो कार्यक्रम लोकांच्या घरात नऊ वर्षे जेवला, त्याने निघताना सांगून निघावे. महिनाभर आधी सांगा. जे सोडून गेले त्यांना, भांडण असले तरी, एका रात्रीपुरते बोलवा. पोस्टमनला एक शेवटचे पत्र वाचू द्या. आणि एकदा भैरवी झाली, की त्याच बैठकीत पुन्हा तानपुरा जुळवू नका.

हे शेवटचे वाक्य मी वर्गात बोललो आणि अडचणीत आलो. जुलै २०२५ मध्ये 'चला हवा येऊ द्या' त्याच नावाने पुन्हा सुरू झाले. सूत्रधार अभिजीत खांडकेकर. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे ही जुनी मंडळी होती, साबळे आणि भाऊ कदम नव्हते. मी म्हणालो, की ही दुकानाची जुनी पाटी नव्या मालावर लावणे आहे. माझी एक विद्यार्थिनी, वकिलीचा अभ्यास करते, म्हणाली, "सर, घराण्याचं नाव तेच राहतं ना? गाणारे बदलतात. आमीर खांसाहेब गेले १९७४ साली. तुम्ही आम्हाला इंदूर घराण्याची म्हणून मेरुखंडाची पद्धत शिकवता. मग तीही जुनी पाटीच म्हणायची का?"

मुलगी हुशार आहे. मी तिला तेव्हा जे उत्तर दिले ते चांगले नव्हते. घराण्याची आणि टीव्हीची तुलना करू नये असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर विचार केला तो असा. घराणे म्हणजे नाव नव्हे, देणे आहे. कोणी तरी समोर बसवून, चुका काढून, वर्षानुवर्षे दुसऱ्याला देतो तेव्हा नाव पुढे जाते. भाऊ कदमांनी आपले अतीत कोणाला दिले असेल, नव्या मुलांपैकी कोणी ते त्यांच्यासमोर बसून घेतले असेल, तर ते थुकरटवाडीचे घराणे, मग ते कोणत्याही वाहिनीवर असो. दिले नसेल तर पाटी. यातले काय झाले हे मुंबईच्या मंडळींनी सांगावे. मी नव्या पर्वाचे चार-सहा भाग पाहिले. हसलो. घड्याळाकडेही पाहिले.

पण खरी खंत निराळी आहे, आणि तिचा दोष मुंबईला देता येणार नाही. मार्च २०२४ नंतर आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी केबलवाल्याला सांगून मराठी वाहिनी बंद केली. "आता पाहतो कोण?" तिन्ही घरांतून हेच उत्तर आले. म्हणजे आपल्या घरातली मराठी आपण एका खिळ्यावर टांगली होती, आणि तो खिळा मुंबईच्या कोणा अधिकाऱ्याच्या भिंतीत होता. पूर्वी असे नव्हते. रामूभैया दाते यांच्या घरच्या बैठकींतल्या थट्टामस्करीच्या कथा जुनी मंडळी अजून सांगतात, पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर लिहिले ते काही उगीच नव्हे. ते घर मोठे होते हे मान्य. पण लहान घरांतूनही कोणी नकला करी, कोणी कीर्तनकाराची हुबेहूब लकब उचली, कोणी आत्या गुंड्याभाऊ होई. आमच्या घरी हे काम आता कोण करतो? मी करीत नाही. मी वर्ग संपवून पाठ शेकत बसतो.

गेल्या दिवाळीत कन्येने एक उद्योग केला. कपाटातून थोरल्या काकाची बाबांना आलेली पत्रे काढली आणि जेवताना पोस्टमनसारखी उभी राहून वाचू लागली. अक्षर लागत नव्हते. 'वसतिगृह' हा शब्द तिला अडला, 'उलट टपाली' अडला, आणि 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' हे तर तिने मराठीतले काही गुप्त लेखन समजून सोडूनच दिले. आईने सांगितले, की शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. "एवढं सगळं? रोज?" म्हणून ती हसत सुटली. आई वऱ्हाडी ढंगात काही म्हणाली, ते मी येथे लिहीत नाही, पण सोमवारच्या रात्री हसायचो तसे आम्ही सारे हसलो.

मग मॅशचे पत्र निघाले. ते वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून तो शेवटचा भाग पाहिलाच नाहीत ना? फोनवर आहे की. लावू आत्ता?"

दहा वाजून गेले होते. बाबांची खुर्ची भिंतीकडे सरकवून तेथे फराळाचे डबे ठेवले होते, ते काढावे लागले असते.

मी म्हणालो, "उद्या पाहू."